एडिसन यांची दहा वर्षांची कसोटी

हजारो प्रयोग फसले तरी एडिसन खचले नाहीत, ही गोष्ट आपल्याकडे विजेच्या दिव्याच्या संदर्भात सांगितली जाते. वास्तविक ती दिव्याची नसून पुन:पुन्हा चार्ज करता येणाऱ्या बॅटरीची आहे. वॉल्टर मॅलरी या सहकाऱ्याच्या आठवणीतून ती चरित्रात आली आणि पुढे अधिक प्रसिद्ध असलेल्या दिव्याला चिकटली.

११ फेब्रुवारी १८४७ रोजी ओहायोतील मिलान येथे जन्मलेल्या थॉमस अल्वा एडिसन यांचे शालेय शिक्षण जेमतेम काही महिन्यांचे. तारायंत्रचालक म्हणून सुरुवात, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये दिवा, हा प्रवास सर्वपरिचित आहे. १८९०च्या दशकात मात्र लोहखनिजाच्या उद्योगात त्यांची मोठी रक्कम बुडाली. पन्नाशी उलटलेले एडिसन त्यानंतर बॅटरीकडे वळले.

त्या काळच्या विजेच्या मोटारी शिसे आणि गंधकाम्लाच्या अवजड बॅटऱ्यांवर धावत. एडिसन यांनी आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण घेतले आणि निकेल व लोखंड यांची जोडी जमवली. स्वीडनमध्ये वाल्देमार युंगनर त्याच वाटेने चालले होते. पेटंटवरून दोघांत वादही झाला.

१९०१ मध्ये कंपनी स्थापन झाली. कसोटी पुरी होण्याआधीच एडिसन यांनी वृत्तपत्रांतून बॅटरीची थोरवी गायली, आणि तेच अंगाशी आले. विक्रीस आलेले घट गळू लागले. निकेलच्या थरात विद्युतवहनासाठी मिसळलेले ग्रॅफाइट काही काळाने निकामी होऊन क्षमता घसरे. १९०४ मध्ये त्यांनी उत्पादन थांबवले व सदोष घट परत घेतले. नावाजलेल्या संशोधकासाठी ही नामुष्कीच होती.

पुढची पाच वर्षे निव्वळ परीक्षेची. घट पूर्ण चार्ज करायचा, ठरावीक प्रवाहाने रिकामा करायचा, किती अँपिअर-तास मिळाले ते नोंदवायचे आणि पुन्हा चार्ज करायचा. शिवाय यंत्राने उचलून आपटणे, खडबडीत रस्त्यांवर मोटारी पळवणे हेही होतेच. अखेर ग्रॅफाइटची जागा निकेलच्या अतिपातळ पापुद्र्यांनी घेतली आणि १९०९ मध्ये सुधारित 'ए' घट बाजारात आला. त्यातील 'ए-४' ची क्षमता १५० अँपिअर-तास, म्हणजे ३० अँपिअर प्रवाह पाच तास. आज घरातील निकेल-मेटल हायड्राइड सेलची क्षमताही पाच तासांच्या हिशेबानेच मोजतात: २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल ४०० मिलिअँपिअरने, दाब १ व्होल्टवर येईपर्यंत. त्या सेलमध्येही निकेल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतेच.

बॅटरी टिकाऊ ठरली, पण वेळ निघून गेली होती. फोर्ड यांची पेट्रोलवरील 'मॉडेल टी' १९०८ मध्येच आली होती. थंडीत एडिसन यांचा घट मलूल पडे. त्यामुळे १९१२ पासून पेट्रोल मोटारींत आलेल्या विजेच्या स्टार्टरसाठीही शिशाची बॅटरीच निवडली गेली. खाणकामगारांचे दिवे आणि रेल्वे सिग्नल यांनी मात्र एडिसन यांच्या बॅटरीला हात दिला.

एक धोका या साऱ्या परीक्षांतून सुटला. जानेवारी १९१६ मध्ये ब्रुकलिनच्या नौदल गोदीत 'ई-२' या पाणबुडीत एडिसन बॅटऱ्यांतून निघालेल्या हायड्रोजनचा स्फोट होऊन माणसे दगावली. एडिसन यांच्या बाजूने वायुवीजनाच्या त्रुटीकडे बोट दाखवण्यात आले. तरी पाणबुडीसाठी बॅटरी पुरवण्याचे त्यांचे स्वप्न तेथेच विरले.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन यांचे निधन झाले. त्यांचा निकेल-लोह घट त्यानंतरही चार दशके बनत राहिला. १९७२ मध्ये हा व्यवसाय विकत घेतला तो अमेरिकेतील एक्साइड या, शिशाच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपनीने.