कर्नल सी. के. नायडू आणि त्यांची शिष्यपरंपरा

संगीतात गुरुपरंपरा सांगणे सोपे असते. गुरूने शिष्याच्या मनगटावर गंडा बांधला, की तो त्या घराण्याचा झाला, असे सारेच मानतात. आमच्या इंदूरलाही उस्ताद अमीर खाँ यांच्यामुळे गायकीच्या एका घराण्याचे नाव लाभले आहे. क्रीडांगणावर मात्र असा काही विधी नाही. अमुक खेळाडू अमक्याचा शिष्य, असे आपण सहज बोलून जातो. पण ते कशाच्या आधारावर? ज्याने प्रथम बॅट हाती दिली तो गुरू, की ज्याच्या नेतृत्वाखाली खेळाडू खेळला तो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास कर्नल सी. के. नायडू यांच्या चरित्राइतके योग्य साधन आमच्या नगरीत दुसरे नाही.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. घराणे तेलुगू भाषक, परंतु नागपुरात स्थायिक झालेले. शाळेत असतानाच त्यांच्या खेळाची कीर्ती पसरू लागली आणि १९१६ साली मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाकडून ते प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये उतरले. उंच, सडसडीत बांधा, ताठ चाल आणि चेंडू मैदानाबाहेर भिरकावून देण्याचे विलक्षण सामर्थ्य ही त्यांची ओळख होती.

डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ मुंबईस आला असता जिमखान्याच्या मैदानावर सी. कें.नी दोन तासांहून कमी वेळात १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार व १३ चौकार होते. हिंदी खेळाडू इंग्रजांच्या तोडीचे खेळू शकतात, हे त्या दिवशी हजारोंनी डोळ्यांनी पाहिले. पुढे दोनच वर्षांनी, १९२८ साली, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा कर्णधारपदाचा मान सी. कें.कडे आला. संघाचे नियोजित कर्णधार पोरबंदरचे महाराज होते; त्यांनी स्वतः बाजूला होऊन खेळाने श्रेष्ठ असलेल्या माणसास पुढे केले. त्या दौऱ्यात सी. कें.नी १६०० हून अधिक धावा व ३२ षटकार नोंदविले.

परंतु हा पराक्रम फलंदाजाचा झाला. गुरू म्हणून त्यांचे कार्य इंदुरात घडले.

१९२३ साली महाराजा तुकोजीराव होळकर यांनी त्यांना इंदुरास बोलावून घेतले व आपल्या सैन्यात अधिकारपद दिले. कर्नल ही उपाधी त्यांस तेथेच मिळाली, आणि ती केवळ नावापुरती राहिली नाही. खेळाडूने वेळेवर यावे, शरीर कसलेले ठेवावे, क्षेत्ररक्षणात आळस करू नये आणि दुखापतीचे कौतुक करून घेऊ नये, असा त्यांचा दंडक होता. पुष्कळांना तो जाचक वाटे. मात्र जो नियम इतरांना, तोच त्यांना स्वतःला. १९५१-५२ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात निखळले. वय ५६ वर्षांचे. तरी त्यांनी उपचार नाकारले, मैदान सोडले नाही, आणि गोलंदाजाने वेग कमी करू नये अशी इच्छा व्यक्त करून ते पुढे खेळत राहिले. हा धडा फळ्यावर लिहून देता येणारा नव्हता.

त्यांच्या शिष्यांत पहिले नाव येते ते सय्यद मुश्ताक अली यांचे. १७ डिसेंबर १९१४ रोजी इंदुरातच जन्मलेला हा मुलगा सुमारे तेरा वर्षांचा असताना सी. कें.च्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याच्यातील गुण हेरले व त्याला आपल्या छत्राखाली घेतले. जानेवारी १९३४ मध्ये कलकत्त्यास इंग्लंडविरुद्ध मुश्ताक अली आपला पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हा कर्णधार सी. के. हेच होते. गंमत अशी, की ते संघात आले डावखुरे गोलंदाज म्हणून. आणि दोन वर्षांनी, जुलै १९३६ मध्ये, मँचेस्टर येथे विजय मर्चंट यांच्यासह सलामीस जाऊन त्यांनी ११२ धावा काढल्या. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्या जोडीने २०३ धावांची भागीदारी केली, आणि त्या संघात सी. के. स्वतः साधे खेळाडू म्हणून होते. मुश्ताक अलींची फलंदाजी गुरूची नक्कल नव्हती. पुढे सरसावत जाऊन चेंडू हवा तिकडे वळविण्याची त्यांची मोकळी, खेळकर रीत त्यांचीच होती. शिष्याने गुरूसारखे दिसावे असा आग्रह सी. कें.नी धरला नाही, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे.

मग होळकर संघातून खेळलेला प्रत्येक जण त्यांचा शिष्य म्हणावा काय? आमच्या मते, नाही. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे सुप्रसिद्ध फलंदाज डेनिस कॉम्प्टन होळकर संघातून खेळले. युद्धकाळात ते सैनिक म्हणून महू येथे होते. त्यांनी नाबाद २४९ धावा काढल्या, तरीही मुंबईने तो सामना जिंकला. कॉम्प्टन यांना सी. कें.चे शिष्य कोणी म्हणणार नाही. ते पाहुणे होते. चंदू सरवटे यांची गोष्ट निराळी. त्यांचा जन्म सागरचा, आणि मध्य प्रांत, महाराष्ट्र व मुंबई येथे खेळून, बरेचसे घडूनच ते इंदुरास आले. परंतु आल्यावर येथेच रमले, आणि होळकर संघाचा आधारस्तंभ झाले. पहिले शिक्षण दुसऱ्याचे, परिपाक मात्र येथला. खुद्द सी. कें.चे धाकटे बंधू सी. एस. नायडू याच संघात होते. सख्ख्या भावाला सवलत मिळाली असेल, असे कोणास वाटेल. पण १९४४-४५ च्या त्याच सामन्यात या फिरकी गोलंदाजाने ९१७ चेंडू टाकले. बंधुप्रेमाचा हा प्रकार मोठाच कष्टाचा म्हणावा लागेल!

तेलुगू भाषक कर्णधार, उर्दू बोलणारे मुश्ताक अली, मराठी सरवटे, निंबाळकर व जगदाळे, पारशी भाया, असा तो संघ होता. रक्त, भाषा वा धर्म यांवर ती परंपरा उभी नव्हती. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत सी. कें.च्या नेतृत्वाखाली होळकर संघ आठ वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा त्याने रणजी करंडक जिंकला. शेवटच्या विजयाच्या वेळी कर्णधाराचे वय ५७ होते.

१९५५ नंतर होळकर हे नाव स्पर्धेतून गेले, परंतु विद्या गेली नाही. संघातील माधवसिंह जगदाळे यांचे पुत्र संजय जगदाळे मध्य प्रदेशकडून खेळले व पुढे इंदुरात मार्गदर्शक झाले. गोरखपूरहून आलेला नरेंद्र हिरवाणी हा मुलगा त्यांच्या हाताखाली तयार झाला, आणि जानेवारी १९८८ मध्ये मद्रास येथे आपल्या पहिल्याच कसोटीत त्याने वेस्ट इंडीजचे १६ गडी बाद केले. हिरवाणी यांचे प्रत्यक्ष गुरू जगदाळे होत, सी. के. नव्हेत. तथापि ज्या अंगणात ते शिकले, तेथील शिस्तीचा पाया कोणी घातला, हे विसरता येत नाही.

२०२२ च्या जून महिन्यात मध्य प्रदेशाने मुंबईचा पराभव करून प्रथमच रणजी करंडक मिळविला. त्या संघाचे मार्गदर्शक चंद्रकांत पंडित हे मुंबईच्या रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. ज्या मुंबईशी होळकर संघ झुंजला, तिच्याच परंपरेतील गुरू आमच्या प्रदेशाच्या कामी आला. परंपरा अशा एकमेकींत मिसळतात, आणि त्यामुळे कोणाचेही श्रेय उणे होत नाही.

सी. के. मात्र अखेरपर्यंत खेळाडूच राहिले. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले; त्यानंतरही, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. १९६३-६४ मध्ये जन्मभूमी नागपुरात ते शेवटचा प्रथम श्रेणी सामना खेळले, तेव्हा ६८ वर्षांचे होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, शासन आज उत्तम क्रीडाशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार देते. तो १९८५ साली सुरू झाला, म्हणून सी. कें.च्या वाट्यास आला नाही. परंतु त्यांच्या नावाने तरुण खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा भरते, आणि मुश्ताक अलींच्या नावाने वीस षटकांची. त्या दोन स्पर्धांची नावे वृत्तपत्रात वाचाल, तेव्हा त्यांतील एक गुरू व दुसरा शिष्य आहे, आणि दोघांची गाठ आपल्याच गावात, एका तेरा वर्षांच्या मुलाकडे कोणीतरी लक्ष देऊन पाहिले म्हणून पडली, हे ध्यानी असू द्या.