दर्यावरचा डॉक्टर

आम्हा माळव्यातल्या माणसांना समुद्र ऐकूनच ठाऊक. तरीही मुंबईत जन्मलेल्या ज्या डॉक्टराने हिंदुस्थानच्या दोन्ही समुद्रांचा तळ धुंडाळला, त्याचे नाव आपल्या घरांत कधी निघत नाही याचे मला नवल वाटते. आल्फ्रेड विल्यम आल्कॉक हे ते नाव.

त्यांचा जन्म १८५९ चा. वडील जहाजाचे कप्तान. १८७६ च्या सुमारास घरची स्थिती खालावली, शाळा सुटली आणि मुलगा वायनाडच्या कॉफीच्या मळ्यात येऊन पडला. पुढे दार्जिलिंगला काही दिवस मास्तरकी केली. मग विलायतेत परत जाऊन अ‍ॅबर्डीनला वैद्यकी शिकले आणि १८८५ मध्ये हिंदी वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

१८८८ मध्ये त्यांची नेमणूक ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सरकारी आगबोटीवर झाली. ही बोट मुंबईच्या गोदीत बांधलेली. तिचे खरे काम किनाऱ्यांचे नकाशे करणे. तळाशी जाळे सोडायचे ते त्यातून सवड मिळाली तर. अशा उसन्या वेळात हजार वावांहून खोल पाण्यातले मासे आणि खेकडे त्यांनी वर काढले.

पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते पाकट माशाच्या प्रकरणात. पिलांना जन्म देणाऱ्या एका जातीच्या पाकटाची मादी त्यांनी आणि वुड-मेसन यांनी चिरून पाहिली. गर्भाशयाच्या आतल्या बाजूस बारीक झुपके होते. त्यांतून दुधासारखा रस पाझरतो आणि झुपके पिलाच्या डोळ्यांमागच्या भोकांतून आत शिरून त्याला पोसतात! नुसत्या मासे मोजणाऱ्याच्या हातून हे सुटले असते. इथे डॉक्टराची नजर कामी आली. हे १८९१ मध्ये छापले गेले.

वुड-मेसन वारल्यावर १८९३ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमची सूत्रे आल्कॉक यांच्याकडे आली. १९०१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि बोटीवरच्या दिवसांचे पुस्तक १९०२ मध्ये निघाले. म्युझियमच्या शास्त्रीय कामाची सरकारला कदर नाही, हा सल मात्र वाढत गेला आणि १९०६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. माझ्या मते तोटा सरकारचाच झाला.

पुढे लंडनच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक विद्यालयात ते डॉक्टरांना डास-माश्यांचे शास्त्र शिकवीत. १९३३ मध्ये ते वारले. तोवर म्युझियमच्या प्राणिविभागातून १९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण उभे राहिले होते, आणि आल्कॉक यांनी बरण्यांत भरून ठेवलेले जीव त्याच्या हवाली झाले होते.