वाद्यवृंदाचा सूत्रधार : आर्तुरो तोस्कानिनी

कंडक्टर म्हटले की आपल्यापुढे एसटीतला तिकिटे देणारा उभा राहतो. पण पाश्चात्य संगीतात शंभर-शंभर वादकांपुढे उभे राहून हातातल्या बारीक छडीने त्यांना चालवणारा जो असतो, त्यालाही कंडक्टरच म्हणतात. गंमत अशी की त्या सगळ्या मेळ्यात एकही सूर न वाजवणारा तो एकटाच, आणि काही बिघडले तर बोल मात्र त्याला. घर चालवणाऱ्या भगिनींना हे काम फोड करून सांगायला नको. या कामात ज्यांचे नाव जगभर झाले त्या आर्तुरो तोस्कानिनी यांची हकीकत मी येथे देत आहे.

इटलीतील पार्मा येथे २५ मार्च १८६७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गॅरिबाल्डीच्या फौजेत लढलेले, धंद्याने शिंपी. घरची गरिबी. नवव्या वर्षी मुलगा तिथल्या संगीतशाळेत गेला आणि सेलो शिकला. सेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचे मोठे व्हायोलिन. आर्तुरोची दृष्टी फार अधू. समोर ठेवलेली स्वरलिपी लांबून दिसायची नाही, म्हणून सगळे पाठ करायचे. ही अडचणच पुढे त्यांची दौलत झाली.

१८८६ साली एका नाटकमंडळीबरोबर ते सेलोवादक म्हणून ब्राझीलला गेले. तिथे संगीत नाटकाला ऑपेरा म्हणतात. रिओ शहरात ३० जूनच्या रात्री व्हेर्दींचा ‘आयदा’ हा ऑपेरा लागला होता. कंडक्टर भांडून निघून गेलेला. बदली माणूस उभा राहिला तर लोकांनी आरडाओरडा करून त्याला घालवला. मंडळींनी या एकोणीस वर्षांच्या पोराला पुढे केले. त्याने समोरचे पुस्तक मिटले आणि सगळा खेळ तोंडपाठ चालवला! त्या दिवसापासून छडी हाती आली.

१८९८ साली मिलान शहरातील ला स्काला या प्रसिद्ध नाट्यगृहाचा संगीतकारभार त्यांच्याकडे आला. तिथे त्यांनी शिस्त लावली. खेळ चालू असता प्रेक्षागृहात अंधार, बायकांनी डोक्यावरच्या मोठ्या टोप्या काढायच्या आणि वन्स मोअर बंद. आपल्याकडे बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअर पडत, त्यात रात्र सरून जाई आणि लोक त्यातच धन्य होत. तोस्कानिनींना ते मुळीच खपत नसे. मध्येच गाणे पुन्हा म्हटले की नाटकाचा धागा तुटतो असे त्यांचे मत. १९०३ साली लोक वन्स मोअरसाठी हटून बसले, तर हे खेळ अर्धा टाकून चालते झाले. मला स्वतःला बालगंधर्वांची तऱ्हा अधिक गोड वाटते, पण त्यांचे म्हणणे समजते.

त्यांचा संगीतविचार थोडक्यात असा, की रचनाकाराने लिहिले आहे तेवढेच आणि तसेच वाजवायचे. आपला गवई रागात रोज नवी भर घालतो, आणि ती घातली नाही तर आपण नाक मुरडतो. तिथे मात्र रचना कागदावर पुरी असते, आणि वाजवणारे तिच्यात आपल्या सोयीचे फेरफार करीत. बीथोव्हेनच्या तिसऱ्या सिंफनीत कुणाला नेपोलियन दिसे, कुणाला आणखी काही. तोस्कानिनींना तिच्या पहिल्या भागात एवढेच दिसे की लिहिणाऱ्याने जलद आणि जोमाने वाजवा असे लिहिले आहे. मात्र कोरडे वाजवलेले त्यांना चालत नसे. वाद्याने गायले पाहिजे असा त्यांचा हट्ट. तालमीत ते स्वतः गात आणि काही ध्वनिमुद्रिकांतही त्यांचा तो घोगरा आवाज ऐकू येतो. रागही भयंकर. छड्या मोडत, ओरडत. संसारातही ते काही संत नव्हते. त्यांची पत्रे २००२ साली प्रसिद्ध झाली, त्यांवरून पत्नी कार्लाबाईंनी किती गिळले असेल ते कळते. मोठ्या माणसांच्या चरित्रात ही बाजू एका ओळीत उरकतात; मीही तेच केले.

१९२६ साली ‘तुरांदो’चा पहिला प्रयोग झाला. रचनाकार पुच्चिनी ते काम अपुरे ठेवून वारले होते आणि शेवट दुसऱ्याने पुरा केला होता. पहिल्या रात्री, पुच्चिनींचे लेखन जिथे थांबले तिथे तोस्कानिनींनी छडी खाली ठेवली आणि प्रयोग संपवला.

मग मुसोलिनीचे दिवस. १९१९ च्या निवडणुकीत तोस्कानिनी स्वतः त्याच्याच यादीत उभे होते, हे खरे. पण लवकरच त्यांना त्या पक्षाचा वीट आला. पुढे कार्यक्रमाआधी पक्षाचे गीत वाजवण्याचा हुकूम सुटला आणि हे ऐकेनात. १४ मे १९३१ रोजी बोलोन्या येथे, गुरुतुल्य संगीतकार मार्तुच्ची यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता. श्राद्धासारख्या प्रसंगी ते गीत मी वाजवणार नाही, अशीच त्यांची भूमिका. नाट्यगृहाच्या दाराशी पक्षाच्या गुंडांनी त्यांच्या तोंडात मारले. वय चौसष्ट! कार्यक्रम झाला नाही, पासपोर्टही काही काळ काढून घेतला. त्यानंतर १९४६ पर्यंत मायदेशात त्यांनी छडी धरली नाही.

हिटलर आल्यावर १९३३ साली जर्मनीतील बायरॉइटच्या उत्सवालाही ते गेले नाहीत. जर्मनीतून हाकललेल्या ज्यू वादकांचा नवा वृंद पॅलेस्टाइनमध्ये उभा राहिला, तेव्हा मात्र २६ डिसेंबर १९३६ रोजी त्याचा पहिला कार्यक्रम त्यांनी पदरखर्चाने जाऊन, बिदागी न घेता केला. त्याच वर्षी मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता पुढे याच वृंदाचे कितीतरी वर्षे, २०१९ पर्यंत, संचालक होते.

१९३७ पासून अमेरिकेत त्यांच्यासाठी रेडिओचा खास वृंद होता. युद्धात बाँब पडून मोडलेले ला स्काला पुन्हा बांधल्यावर ११ मे १९४६ रोजी त्यांनीच ते उघडले. ४ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कला शेवटचा कार्यक्रम. वय सत्त्याऐंशी. त्या दिवशी वाजवता वाजवता त्यांची आठवण क्षणभर हरपली आणि हात थबकला. वादकांनी कसेबसे सावरले. त्यानंतर त्यांनी पुन्हा जाहीर कार्यक्रम केला नाही.

१६ जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्क येथे ते वारले. देह मिलानला नेला. ला स्कालाची दारे उघडी ठेवून, आत एकही प्रेक्षक नसताना, वादकांनी बीथोव्हेनच्या त्याच तिसऱ्या सिंफनीतले शोकसंगीत वाजवले, आणि बाहेर चौकात उभ्या असलेल्या लोकांनी ते ऐकले.