इंग्लंडमध्ये ११४ विकेट काढल्या, पण जातीमुळे बाळूंना कॅप्टन केलं नाही

डावखुरे स्पिनर म्हटलं की बिशनसिंग बेदी, रवींद्र जडेजा आठवतात. पण त्यांच्या कितीतरी आधी पुण्यात एक भिडू तयार झाला होता. बाळू पालवणकर.

जन्म धारवाडचा, चांभार कुटुंबातला. वडील लष्करात. पुण्यात पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट करायची आणि रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. पुढे पूना क्लबात नोकरी लागली. तिथं ग्रेग नावाचा इंग्रज कॅप्टन त्यांना नेटमध्ये तासनतास बॉलिंग करायला लावायचा. बाळूंचा हात बसला तो तिथंच.

इंग्रजांना हरवायचं तर बाळू हवेत, हे पुण्याच्या हिंदू संघाला कळलं. संघात घेतलं, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात.

नंतर ते मुंबईला गेले. १९०६ मध्ये हिंदू संघानं युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंच्या बॉलिंगचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पटियाळाच्या महाराजांची टीम इंग्लंडला गेली. टीम बहुतेक मॅच हरली, बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ विकेट काढल्या.

एवढं करूनही हिंदू संघाचं कॅप्टनपद त्यांना दिलं नाही. आडवी आली ती जात.

अखेर १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कॅप्टन झाले आणि त्याच वर्षी हिंदू संघानं चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळूंना नाकारलेला मान त्यांच्याच घरात आला.

१९५५ मध्ये बाळू गेले. प्रथम श्रेणीच्या ३३ मॅचमध्ये त्यांच्या नावावर १७९ विकेट आहेत.