दुष्काळातल्या लेकींची माउली : पंडिता रमाबाई



दसरा-दिवाळी सरली की ऊसतोडीचा आणि वीटभट्टीचा हंगाम लागतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बोचकी बांधून गाव सोडतात. पोटासाठी परमुलखात जाणे हा गुन्हा नव्हे. पण भुकेल्या माणसाला कामाचे आमिष दाखवून विकणारेही त्याच वाटेवर टपून बसलेले असतात. जुन्या करारातील योसेफाला त्याच्या भावांनी वीस नाण्यांना विकले. तो व्यापार आजही थांबलेला नाही. या व्यापाराच्या आड उभ्या राहिलेल्या एका स्त्रीचे चरित्र आज आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले; आईने ते रमाबाईंना दिले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरत असे. 1870 नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास अर्धपोटी, अनवाणी देशभर चालत राहिले. म्हणजे स्थलांतर आणि भूक या गोष्टी त्यांनी पुस्तकात वाचल्या नव्हत्या, अंगावर झेलल्या होत्या.

1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या 1882 साली पुण्यास आल्या. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तेथे अँग्लिकन मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. पण प्रभूचे काम करणाऱ्यांना परके मानण्याची मुभा प्रभूने आपल्याला दिलेली नाही. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले.

त्यांची खरी कसोटी लागली ती 1896-97 च्या दुष्काळात. मध्य प्रांतातील हालहवाल कळताच त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांच्या आवारात त्यांनी जे पाहिले ते भुकेपेक्षाही भयंकर होते. आईबाप मेलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या मुलींवर दलालांची नजर होती. भाकरीच्या तुकड्यासाठी त्यांची अब्रू घेतली जात होती. जेथे आसरा मिळावा तेथेच सापळा लावलेला होता. रमाबाईंनी ठरवले की दलालाच्या आधी आपण पोहोचायचे. सुमारे तीनशे मुली-बायकांना त्या घेऊन आल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. तेच पुढे ‘मुक्ती सदन’ झाले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

सुटका करून त्या थांबल्या नाहीत. कोणी विणकाम शिकली, कोणी शेती, कोणी छापखान्यातील खिळे जुळवणे. ज्यांचे शील लुटले गेले होते त्यांच्यासाठी वेगळे ‘कृपा सदन’ उभारले. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, असे त्यांनी वर्तमानपत्रातून उघडपणे मांडले. गव्हर्नर रागावले, पण प्रश्न ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. दया करणे आणि न्याय मागणे ही दोन वेगळी कामे आहेत असे त्यांनी कधी मानले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच त्यांचे देहावसान झाले.

त्याच 1889 सालात तिकडे व्हेनिसमध्ये सुदानहून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या बाखिता या तरुणीला न्यायालयाने स्वतंत्र ठरवले. ख्रिस्तसभेचे धर्माधिकारी आणि सरकारी वकील तिच्या पाठीशी उभे राहिले नसते, तर तिला कायदा कोणी समजावला असता? आज आपण तिला संत जोसेफिन बाखिता म्हणतो. 8 फेब्रुवारी हा तिचा सण 2015 पासून मानवी तस्करीविरोधी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो.

तत्त्वज्ञान सांगते की माणूस हा साध्य आहे, साधन नव्हे. आपल्या देशाच्या घटनेनेही 23 व्या कलमात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी घातली आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार तस्करीला बळी पडलेल्यांना, स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. 15100 हा फोन त्यासाठीच आहे. मुलांसाठी 1098 आहे.

म्हणून आमची विनंती आहे. आपल्या ओळखीचे कोणी कामासाठी बाहेर जात असेल, तर मुकादमाचे नाव, फोन, कामाचे ठिकाण आणि उचलीचा आकडा कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवायला सांगा. आधारकार्ड मुकादमाच्या हाती देऊ नका. शेजारची मुलगी लग्नाच्या वा नोकरीच्या नावाखाली अनोळखी माणसाबरोबर निघाली असेल, तर ‘आपल्याला काय करायचे’ असे म्हणू नका, विचारा. रमाबाई मध्य प्रांतापर्यंत गेल्या. आपल्याला शेजारच्या दारापर्यंत जायचे आहे, आणि तेही दलालाच्या आधी.

प्रभू आपणांस तेवढे धैर्य देवो.