योगास घराचे दार उघडून देणारे स्वामी कुवलयानंद

योग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जटाधारी साधू, निबिड अरण्य आणि सिद्धींच्या अद्भुत कथा उभ्या राहतात. प्रपंचात पडलेल्या माणसाने त्या वाटेस जाऊ नये, गेल्यास बुद्धिभ्रंश होईल किंवा चालता संसार मोडेल, अशी भीती आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या घातली गेली. परिणामी जी विद्या पूर्वजांनी मनुष्यमात्राच्या हितासाठी सांगितली, ती मूठभर लोकांच्या हाती राहिली आणि इतरांच्या वाट्यास तिचे केवळ नाव आले. ही कोंडी ज्यांनी फोडली, त्यांत स्वामी कुवलयानंद यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांची जडणघडण आपल्या बडोद्यात झाली, हे येथील मराठी कुटुंबांतही आता थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून त्यांचे चरित्र वाचकांपुढे संक्षेपाने ठेवीत आहोत.

स्वामींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी तत्कालीन बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. घरची स्थिती बेताची होती आणि शिक्षण कष्टाने करावे लागले. तथापि बुद्धी तीव्र होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतासाठी ठेवलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली आणि पुढील शिक्षणासाठी ते बडोदे कॉलेजात आले. तो काळ राष्ट्रीय भावनेने भारलेला होता. अरविंद घोष त्या वेळी याच कॉलेजात अध्यापन करीत होते आणि लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तरुणांची मने पेटली होती. देशसेवेसाठी आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय गुणे यांनी तरुणपणीच केला.

१९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी देशी व्यायामाचे रीतसर शिक्षण घेतले. या आखाड्याने त्यांना जे दिले ते जन्मभर पुरले, असे आम्हांस वाटते. शरीर एका दिवसात घडत नाही. रोज ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने आणि झेपेल तेवढेच केल्याने ते घडते, हा आखाड्याचा साधा धडा आहे. पुढे योग शिकविताना त्यांनी हाच धडा गिरविला.

पदवीधर झाल्यावर ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षणकार्यात पडले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२० साली ते महाविद्यालय बंद पडले. ज्या कार्यास तारुण्य वाहिले, तेच असे हातचे गेले. परंतु त्यापूर्वीच त्यांच्या आयुष्यास एक नवी दिशा लाभली होती. बडोद्यापासून फार दूर नसलेल्या, नर्मदातीरावरील मालसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे वृद्ध बंगाली योगी राहत असत. १९१९ च्या सुमारास गुणे त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली योगसाधना करू लागले. १९२१ साली गुरूंनी देह ठेवला. सहवास अल्पकाळच घडला, परंतु शिष्याच्या जीवनाचा मार्ग ठरून गेला.

येथे गुणे यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा होता. योगक्रियांचा लाभ त्यांनी स्वतः अनुभविला होता आणि गुरूंवर त्यांची अढळ श्रद्धा होती. मात्र शिकलेला वर्ग योगास थोतांड म्हणून हसे आणि न शिकलेला वर्ग त्यास चमत्कार म्हणून हात जोडी. दोघांपैकी कोणीही तो आचरीत नसे. हा अनुभव इतरांच्या घरी पोहोचवावयाचा तर तो कसोटीवर घासून दाखविणे प्राप्त होते. परंतु कसोटीवर घासावयाचे म्हणजे ती उतरणार नाही, हा धोकाही पत्करावयाचा. गुरुपरंपरेने आलेली गोष्ट यंत्राखाली ठेवण्यास धैर्य लागते. ते त्यांनी दाखविले.

१९२० व १९२१ साली बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून उड्डियान बंध व नौली या क्रिया करवून क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांची तपासणी केली. पुढे १९२४ साली त्यांना असे आढळले की, नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. बस्तिक्रियेत योगी कोणत्याही पिचकारीवाचून पाणी आत ओढून घेतो, त्यामागील कारण हेच होय. लोक ज्यास गूढ शक्ती मानीत, ती स्नायूंच्या शिस्तबद्ध हालचालीची किमया ठरली. या शोधास त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. ‘माधवदास व्हॅक्यूम’ असे म्हणून तो गुरूंच्या चरणी वाहिला. श्रद्धा आणि परीक्षा या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत, हे यापेक्षा अधिक स्पष्टपणे कसे सांगता येईल?

त्याच वर्षी विजयादशमीच्या मुहूर्तावर लोणावळे येथे त्यांनी कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि तेथील प्रयोगांचे वृत्त देण्यासाठी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. प्रयोगांत जे निघेल ते सांगावयाचे, मग ते रुचो वा न रुचो, असा त्यांचा बाणा होता. प्राणायामाचेच उदाहरण घ्यावे. त्यायोगे नेहमीच्या श्वसनापेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू शरीरात जातो, ही समजूत त्या काळी रूढ होती आणि आजही ती ऐकू येते. स्वामींच्या प्रयोगांत ती टिकली नाही. ते त्यांनी मोकळेपणाने मांडले आणि प्राणायामाचे खरे मोल मज्जासंस्थेवर व मनावर होणाऱ्या परिणामात आहे, असे प्रतिपादिले. चुकीचे कारण सोडून दिले म्हणून आचरण सोडावे लागत नाही. उलट ते अधिक पक्क्या पायावर उभे राहते.

परंतु प्रयोगशाळा हे साधन होते. त्यांचे लक्ष्य होता तो सामान्य गृहस्थ, ज्यास सकाळी कामावर जावयाचे आहे, ज्याची पाठ दुखते आणि ज्याचे मन देवापुढे बसले तरी बाजारात हिंडते. त्याच्यासाठी त्यांनी योगाची मांडणी नव्याने केली. आसनांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी दोन वर्ग केले. पद्मासन, सिद्धासन, स्वस्तिकासन व समासन ही ध्यानास उपयुक्त आसने; आणि भुजंगासन, शलभासन, पश्चिमतान यांसारखी शरीर सुधारणारी आसने. कोणास वेळ थोडा असतो, कोणाचे शरीर ताठर असते. हे जाणून पूर्ण, लहान आणि सोपा असे निरनिराळे अभ्यासक्रम त्यांनी आखून दिले. घाई करू नये, झटके देऊ नयेत, शरीरावर बळजबरी करू नये, भरल्या पोटी आसने करू नयेत, ही पथ्ये त्यांनी आवर्जून सांगितली. आसन हे शेवटी स्थिर बसण्यासाठी आणि स्थिर बसणे हे अंतर्मुख होण्यासाठी, हा क्रम मात्र त्यांनी कधी दृष्टीआड होऊ दिला नाही.

या कार्याची कीर्ती दूरवर पसरली. १९२७ साली रक्तदाबाने आजारी असलेल्या महात्मा गांधींनी आसनांविषयी त्यांचा सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठातून आलेल्या कोवूर बेहनन या अभ्यासकाने लोणावळ्यास राहून योगाचा अभ्यास केला आणि १९३७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३२ साली मुंबईत शाखा निघाली. १९३६ पासून ती समुद्रकाठी स्वतःच्या वास्तूत चालू लागली, तेव्हा शहरातील नोकरदार माणसास कामावर जाता-येता योगाभ्यास करणे शक्य झाले. शाळांतील मुलांसाठी स्वामींनी सांघिक यौगिक व्यायामाची पद्धत बसविली. १९५० साली लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय आणि १९६१ साली रुग्णालय सुरू झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांनी लावलेल्या रोपाने २०२४ साली शंभर वर्षे पूर्ण केली.

हे चरित्र वाचताना आम्हांस आमचीच लाज वाटली, हे येथे कबूल केले पाहिजे. आम्ही पूजाअर्चेच्या घरात वाढलो. मुंज झाल्यापासून संध्या करीत आलो. तीत प्राणायाम सांगितला आहे. परंतु नाकास बोटे लावावयाची आणि पुढच्या मंत्राकडे धावावयाचे, एवढाच आमचा प्राणायाम! श्वास आत केव्हा गेला आणि बाहेर केव्हा आला, याची शुद्धही नसे. योग शोधण्यासाठी आम्हांस अरण्यात जाण्याचे कारणच नव्हते. तो आमच्या पाटावर, पळीपंचपात्राशेजारी रोज मांडून ठेवलेला होता आणि आम्ही त्यास रोज ओलांडून जात होतो. आता त्या ठिकाणी आम्ही थांबू लागलो आहो. प्रगती सांगण्याजोगी नाही, परंतु संध्या उरकली जात असे ती आता केली जाते, इतका फरक निश्चित पडला आहे.

आपणा सर्वांच्या घरी देवघर आहे आणि सकाळी दिवा लागतोच. त्या दिव्यापुढे पाठ सरळ ठेवून दहा मिनिटे शांत बसावे, श्वासाकडे लक्ष द्यावे, मुलांनाही जवळ बसवावे. आसने जाणत्या माणसाकडून शिकावी आणि प्रकृती नाजूक असल्यास आधी वैद्याचा वा डॉक्टरांचा विचार घ्यावा. फार करण्याची हौस नको, परंतु खंड पडू देऊ नये. बडोद्याच्या आखाड्यात घडलेल्या आणि मालसरच्या घाटावर दीक्षित झालेल्या या पुरुषाचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही. तेवढी बुद्धी आणि तेवढे सातत्य परमेश्वर आपणा सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.