श्री संत गाडगेबाबा : हातात खराटा, मुखी हरिनाम



आपल्या दिंडीला शंभर वर्षे पुरी झाली म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. एखाद्या संताचे चरित्र लिहून द्यावे असे मंडळाने मला सांगितले. माझे शिक्षण मराठी चौथी. ज्ञानोबा-तुकोबांवर लिहिणारे जाणते लोक या ग्रंथात आहेतच. म्हणून ज्यांना अक्षरओळखही नव्हती आणि तरी ज्यांच्यापुढे शिकलेसवरलेले लोक जमिनीवर बसून ऐकत, त्या गाडगेबाबांचे चार शब्द मी लिहितो. चुकलेमाकले माऊलींनी पोटात घालावे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेंडगावला परीट समाजात झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई. झिंगराजींना दारू लागली आणि दारूने आधी घर खाल्ले, मग माणूस खाल्ला. डेबूजी तेव्हा अगदी लहान. सखूबाईंनी लेकराला कडेवर घेऊन माहेर गाठले. ते गाव मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे. मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबूजी वाढले.

आजोळचे पोर म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवणारे, हे आपल्याला कळते. पण डेबूजींनी कोणाला बोलायला जागाच ठेवली नाही. गुरे राखायची, नदीवर नेऊन धुवायची, गोठा झाडायचा, मोठे झाल्यावर नांगर धरायचा. काम कोणी सांगेपर्यंत थांबायचे नाही, दिसले की हात घालायचा. रात्री भजनाला बसायचे. पुढे खराटा घेऊन सारा महाराष्ट्र झाडला तो माणूस तयार झाला तो त्या गोठ्यात. गुण काही आभाळातून पडत नाही. लहानपणी हाताला वळण लागते तेच म्हातारपणी दिसते.

मामांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची जमीन सावकाराच्या कागदात अडकली आणि त्या धसक्याने मामा गेले. डेबूजी मात्र सावकाराला भ्याले नाहीत, शेतात पाय रोवून उभे राहिले. तो घाव त्यांच्या मनात कायम राहिला. म्हणून जन्मभर प्रत्येक कीर्तनात त्यांचे सांगणे तेच. कर्ज काढून सण करू नका, दारूला शिवू नका, पोराला शाळेत घाला, भांडी मोडावी लागली तरी चालतील.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. पहिल्या मुलीचे बारसे आले. त्या वेळी त्यांच्या जातीत अशा कार्याला मटण आणि दारूची पंगत घालायची रीत होती. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. जातवाले रागावले, पण ते हलले नाहीत. हे मला फार मोठे वाटते. लोकांना दारू सोडा म्हणून सांगण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ती आपल्या घरच्या पंगतीतून काढली. आपण उलटे करतो. आधी गावाला सांगतो आणि घरचे राहूनच जाते.

१ फेब्रुवारी १९०५. पहाटे घरची माणसे झोपलेली असताना डेबूजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मातीचे गाडगे. जेवायची वेळ झाली की तेच गाडगे ताट. त्यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. बायकोपोरांना टाकून जाणे बरोबर की चूक, यावर मी काही बोलणार नाही. कुंताबाईंनी जे सोसले त्याला कोणत्या चरित्रात पुरते माप नाही, एवढे मात्र खरे.

गावात शिरले की बाबांचा क्रम ठरलेला. कोणाच्या दारात लाकडे फोडायची असतील, शेतात काम असेल, तर न सांगता करायचे आणि मग भाकरी मागायची. फुकटची भाकरी घशाखाली उतरवायची नाही. नाहीतर खराटा घेऊन रस्ते, गटारे झाडायला लागायचे. पोरे हसायची, कोणी वेडा म्हणायचे. संध्याकाळी तोच वेडा देवळापुढे कीर्तनाला उभा राही आणि सकाळी हसलेली माणसे तोंडात बोट घालीत. आधी झाडलोट, मग कीर्तन. ज्या जागी देवाचे नाव घ्यायचे ती जागा आणि ज्या तोंडाने घ्यायचे ते तोंड दोन्ही स्वच्छ पाहिजेत.

पूर्णा नदीवर ऋणमोचनला पौष महिन्यात जत्रा भरते. तिथे लोक चिखलात घसरून पडत. बाबा आधी एकटेच फावडे घेऊन उतार करायला लागले. बघता बघता लोक हाताला लागले आणि पुढे तिथे दगडी घाट उभा राहिला. भाषण करून कोणाला बोलावले नव्हते. एक माणूस घाम गाळताना दिसला की बघ्यांना फार वेळ उभे राहवत नाही.

बाबा तुकोबांना गुरू मानीत, पण स्वतः कोणाचे गुरू झाले नाहीत. शिष्य केला नाही, कोणाला पाया पडू दिले नाही. पाया पडायला आलेल्याला काठी उगारीत म्हणतात. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. शेवटी ऐकणाऱ्यालाच कळे की आपण आपल्याच तोंडाने आपली चूक कबूल केली. नवसाला बकरे कापणे, शिवाशीव पाळणे, हुंडा घेणे, यावर ते असे कोरडे ओढीत की माणूस हसता हसता रडे.

पंढरीला ते वारीत जात. लोक दर्शनाच्या रांगेत असत आणि बाबा चंद्रभागेच्या वाळवंटात खराटा घेऊन. लाखो माणसांनी केलेली घाण ते उचलीत. त्या काळी ज्यांना कुठल्या धर्मशाळेत पाय ठेवू देत नसत, त्या वारकऱ्यांसाठी त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, गरिबांच्या पोरांच्या शिक्षणासाठी. नाशिक, आळंदी, देहू इथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाईकांसाठी धर्मशाळा झाली. आपल्या कोकणातला माणूस आजारी माणसाला घेऊन मुंबईला गेला की रात्री पाठ कुठे टेकायची हा प्रश्न किती मोठा असतो, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. त्यातला पैसा स्वतःच्या अंगाला लागू दिला नाही. आपल्या नातलगांचा त्या संस्थांवर हक्क ठेवला नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले तेव्हाही ते स्वतः गोधडीतच होते. दुसऱ्याचा पैसा हातात आल्यावर हात स्वच्छ ठेवणे ही रस्ता झाडण्यापेक्षा अवघड झाडलोट आहे.

आता आपल्या मुलखातली गोष्ट. १९२३ साली बाबा आपल्या खारेपाटणला कीर्तन करीत होते. तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. कीर्तन रंगात आले असताना मुलगा गोविंदा वारल्याची बातमी येऊन पोचली. बाबा क्षणभर थांबले आणि कीर्तन पुढे चालू केले. आम्ही कीर्तनकार ही गोष्ट पुष्कळदा सांगतो आणि लोक डोळे पुसतात. मीही सांगत आलो. पण मुंबई-गोवा रस्त्याने जाताना खारेपाटणचा पूल आला की माझ्या मनात येते की ते धैर्य त्या एका क्षणात आलेले नव्हते. अठरा वर्षे रोज ऊन, पाऊस, उपास, लोकांची बोलणी सोसून ते साठलेले होते. विहिरीला पाणी असेल तरच राहाटाला येणार.

इथे माझी एक चूक कबूल करतो, कारण हा ग्रंथ आपल्याच माणसांच्या हातात जाणार आहे. आषाढात आपला माणूस चिखलात लावणीला असतो, म्हणून आपल्याकडचे पुष्कळ वारकरी माघीला चालतात. अशाच एका माघी वारीत घाटावर एका शेतकऱ्याने आपल्याला मळ्यात उतरायला जागा दिली. रात्री माझे कीर्तन होते आणि मी लावले होते गाडगेबाबांचेच चरित्र. लोकांनी वाहवा केली. मला हार, नारळ आणि बिदागी मिळाली. पहाटे आपण टाळ वाजवीत निघालो. पुढच्या वर्षी त्याच दारात गेलो तर त्या माणसाने हात जोडले, पाणी दिले, चहा दिला, पण जागा द्यायला नाही म्हणाला. विचारले तेव्हा खाली मान घालून त्याने सांगितले की गेल्या खेपेला दोन दिवस घरच्या बाया पत्रावळी, प्लास्टिकचे पेले आणि बाकीची घाण उचलीत होत्या.

माझी मान खाली गेली. जिभेवर गाडगेबाबा आणि मागे उकिरडा! बाबा असते तर त्यांनी कीर्तन केलेच नसते. आधी मळा झाडला असता. त्या वर्षापासून माडाच्या हिरांचा खराटा मी दिंडीबरोबर नेतो आणि मुक्काम हलला की शेवटी निघतो. पहिल्या वर्षी एकटा होतो, आता सात-आठ जण असतात, त्यात तरणी पोरेही आहेत. त्या शेतकऱ्याने तिसऱ्या वर्षी आपणहून निरोप पाठवला.

बाबांचे आचरण म्हणजे नुसता केर काढणे नव्हे. आपण शेतकरी. शेजाऱ्याच्या आणि आपल्या कुणग्यामधल्या मेरेची माती दरवर्षी वीतभर आपल्याकडे ओढायची आणि गळ्यात माळ घालून हरिपाठाला बसायचे, हे चालणार नाही. भात मोजून देताना माप सारखे भरावे. आंब्याच्या पेटीत वर मोठे फळ आणि तळाला बारके लावू नये. बंदरावर मासळी विकणाऱ्या बाईने कालची मासळी आजची म्हणून देऊ नये, आणि घेणाऱ्यानेही तिच्या दोन पैशांसाठी तिला रडवू नये. गड्याला ठरलेली मजुरी संध्याकाळीच द्यावी, उद्या ये म्हणू नये. भजनी मंडळाच्या पेटीतल्या पैशाचा हिशेब वर्षाला सर्वांसमोर वाचावा. यातल्या कशालाही विद्वत्ता लागत नाही. चौथी शिकलेल्याला जमते, न शिकलेल्यालाही जमते. गाडगेबाबांनी करून दाखवले.

आपल्याच जिल्ह्यात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी हीच वाट धरली. प्रोफेसरी सोडून आलेला तो माणूस हाताने सफाईचे काम करीत असे. एक निरक्षर, एक पदवीधर, पण काम एकच. तेव्हा शिक्षण कमी की जास्त, ही सबब दोन्ही बाजूंनी संपली.

६ डिसेंबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब गेले आणि दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच. घर सोडून निघालेला माणूस शेवटपर्यंत चालतच होता. पुढे सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. चांगलेच झाले. पण नाव पाटीवर लागले म्हणजे काम झाले असे नाही.

आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांत किती माणसे चालली, किती गेली. वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर आली. माझी मंडळाला एवढीच विनंती आहे की पुढच्या शंभर वर्षांत वीणेबरोबर खराटाही असाच खांद्यावरून खांद्यावर जावा. पुढे वीणेकरी, शेवटी खराटेकरी, आणि दोघांचा मान सारखा. मग आपण गेल्यावर मागची जागा बघून लोक म्हणतील की इथून वारकरी गेले.

रामकृष्णहरी.